कानाचं मशीन आणि विसरणारी माणसं

ट्रान्झिस्टर म्हटलं की आपल्या आईवडिलांच्या पिढीला रेडिओ आठवतो. क्रिकेटची कॉमेंट्री, बिनाका गीतमाला, त्याचं ते भोकाभोकांचं चामडी कव्हर. आपल्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना लॅबमधला तीन पायांचा किडा आठवतो आणि पाठोपाठ व्हायवातली फजिती. पण ट्रान्झिस्टर बसवलेली, दुकानात जाऊन पैसे मोजून घेता येईल अशी पहिली वस्तू कोणती? परवा ऑफिसात चहाच्या वेळी विचारून बघितलं. सहापैकी पाच जण "रेडिओ" म्हणाले, एक जण "कॅल्क्युलेटर". बरोबर उत्तर आहे, कानाचं मशीन.

गोष्ट अशी. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर चालला. १९५२ मध्ये त्यांनी तो बनवण्याचे परवाने द्यायला सुरुवात केली, आगाऊ रक्कम २५,००० डॉलर. पण एका वस्तूसाठी रॉयल्टी माफ होती, ती म्हणजे श्रवणयंत्र. कारण ग्रॅहॅम बेल. ज्याच्या नावाने ती कंपनी उभी राहिली त्याची आई ऐकू न येणारी, बायकोही ऐकू न येणारी आणि स्वतः तो बहिऱ्या मुलांचा शिक्षक. टेलिफोन हा त्या सगळ्या खटपटीतून निघालेला जोडधंदा म्हणा ना. कॉर्पोरेट जगात भावनेपोटी पैसे सोडल्याची उदाहरणं फार नाहीत, म्हणून हे लक्षात राहिलं.

डिसेंबर १९५२ मध्ये 'सोनोटोन १०१०' बाजारात आलं. किंमत २२९.५० डॉलर. आत दोन छोटे व्हॉल्व्ह आणि एकच ट्रान्झिस्टर, कारण तेव्हाचे ट्रान्झिस्टर खरखर फार करायचे. ट्रान्झिस्टरवाला पहिला खिशातला रेडिओ यायला ऑक्टोबर १९५४ उजाडला, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. त्याहून मजेची गोष्ट रेथिऑन कंपनीची. ते श्रवणयंत्रांसाठी 'सीके ७१८' नावाचे ट्रान्झिस्टर बनवायचे. त्यातले जे टेस्टमध्ये नापास व्हायचे ते फेकून न देता १९५३ पासून 'सीके ७२२' या नावाने हौशी लोकांना विकले जाऊ लागले. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्सवेड्या पोरांची एक अख्खी पिढी त्या मालावर हात साफ करून शिकली. आपल्या धंद्याचे आजे-पणजे कुणाच्या तरी कानासाठी नापास ठरलेल्या पार्ट्सवर घडलेत!

पुढे इंटिग्रेटेड सर्किटचंही तेच झालं. सर्वसामान्य ग्राहकाला विकलेली आयसीवाली पहिली वस्तू म्हणजे १९६४ मधलं झेनिथ कंपनीचं श्रवणयंत्र. प्रत्येक वेळी हेच का पुढे? जागा आणि बॅटरी. व्हॉल्व्हच्या मशीनला दोन वेगवेगळ्या बॅटऱ्या लागायच्या, एक व्हॉल्व्हची तार तापवायला आणि एक जास्त व्होल्टची. दोन्ही सारख्या संपायच्या. तो खर्च वाचणार असेल तर महागडा ट्रान्झिस्टर परवडत होता. पण बॅटरीइतकंच, किंबहुना तिच्याहून मोठं दुसरं कारण होतं. लाज. मशीन कुणाला दिसू नये ही इच्छा.

श्रवणयंत्रांचा इतिहास वाचताना मला सारखं वाटत राहिलं की हा ऐकण्याचा कमी आणि लपवण्याचा इतिहास जास्त आहे. लंडनमध्ये १८०० साली एफ. सी. राइन नावाच्या माणसाने कानाला लावायचे कर्णे बनवायचा धंदा काढला. (तो १९६३ पर्यंत चालला, म्हणजे ट्रान्झिस्टर येऊन दहा-अकरा वर्षं झाली तरी कर्णे विकले जातच होते.) त्यांचं गाजलेलं काम म्हणजे १८१९ मध्ये पोर्तुगालचा राजा दोम जुआंव सहावा याच्यासाठी केलेलं सिंहासन. हा तोच राजा, ज्याच्या नावाने तेव्हा गोव्याचाही कारभार चालायचा. अक्षरशः सिंहासन हो. हातांच्या जागी दोन सिंह, जबडे उघडे. अर्जदाराने गुडघे टेकून सिंहाच्या तोंडात बोलायचं, आवाज आतल्या पोकळीतून, मग नळीतून राजाच्या कानात. म्हणजे राजा बहिरा, पण वाकायचं समोरच्याने! इतका देखणा उपाय परत कुणाला सुचला नाही. बाकीच्यांनी पंख्यात, टोपीत, केसांच्या अंबाड्यात, दाढीत कर्णे दडवले.

याला एक सणसणीत अपवाद आहे. हॅरिएट मार्टिनो ही इंग्लंडमधली लेखिका. तरुणपणीच तिला ऐकू येईनासं झालं. ती चारचौघांत खुशाल कर्णा काढून समोरच्याच्या तोंडापुढे धरायची. १८३४ मध्ये तिने बहिऱ्या लोकांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलं. लपवाछपवी करू नका, कर्णा वापरा, तुमच्यामुळे दुसऱ्याला होणारा त्रास तुम्हीच कमी करा, असा त्याचा एकंदर रोख. जवळजवळ दोनशे वर्षं झाली. आजही आपल्याकडे चष्मा लावलेला मुलगा हुशार दिसतो आणि मशीन लावलेला माणूस म्हातारा दिसतो.

मधला इतिहास भरभर उरकतो. अमेरिकेतल्या अलाबामाच्या मिलर रीझ हचिसनने विसाव्या शतकाच्या तोंडावर कार्बन मायक्रोफोन आणि बॅटरी वापरून विजेवर चालणारं यंत्र केलं. इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा त्याची गिऱ्हाईक होती. (याच गृहस्थाने पुढे मोटारीचा क्लॅक्सन हॉर्न शोधला. आधी कान फोडायचे आणि मग मशीन विकायचं, अशी त्याची थट्टा व्हायची.) मग व्हॉल्व्हची यंत्रं आली. १९४८ मध्ये ब्रिटनने राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली तेव्हा 'मेड्रेस्को' नावाचं खिशातलं मशीन लोकांना फुकट मिळू लागलं. ट्रान्झिस्टरनंतर मशीन खिशातून चष्म्याच्या दांडीत, तिथून कानामागे आणि शेवटी कानाच्या आत गेलं. १९९६ मध्ये पूर्ण डिजिटल मशीनं आली. १.४ व्होल्टच्या हरभऱ्याएवढ्या सेलवर चालणारा सिग्नल प्रोसेसर, आणि सगळं गणित काही मिलिसेकंदांत संपवायचं, कारण उशीर झाला तर स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा ऐकू येतो. इंजिनियर म्हणून टोपी काढावी असंच काम आहे.

या प्रवासात एक माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे रोनाल्ड रेगन. सिनेमात असताना कानाजवळ पिस्तूल उडालं आणि तेव्हापासून कान गेला, असं ते सांगत. सप्टेंबर १९८३ मध्ये अमेरिकेचा हा राष्ट्राध्यक्ष कानात मशीन घालून लोकांसमोर आला. मशीनच्या विक्रीने उसळी घेतली. पण कुठलं मशीन? कानाच्या आत बसणारं, लांबून न दिसणारं. म्हणजे लाज गेली असं नाही, न दिसणाऱ्या मशीनची जाहिरात झाली. आणि पुढे ५ नोव्हेंबर १९९४ ला याच माणसाने देशाला पत्र लिहून सांगितलं की आपल्याला अल्झायमर्स झालाय. कान गेला म्हणून अल्झायमर्स झाला, असं मी अजिबात म्हणत नाहीये. एका माणसावरून काही सिद्ध होत नसतं. पण या दोन गोष्टी एकाच माणसात एकत्र असू शकतात, आणि बहुतेक वेळा म्हाताऱ्या माणसात असतातच, हे त्या काळात डॉक्टरांच्या लेखी वेगवेगळे विभाग होते. कान वेगळ्या मजल्यावर, मेंदू वेगळ्या मजल्यावर.

डिमेन्शियाची तपासणी पहिल्यापासून तोंडी परीक्षा राहिली आहे. १९०१ मध्ये फ्रँकफर्टला डॉ. अलॉइस अल्झायमरने ऑगस्टं डेटर या बाईला प्रश्न विचारले, तुमचं नाव काय, नवऱ्याचं नाव काय, आणि उत्तरं लिहून घेतली. १९७५ मध्ये आलेली, जगभर वापरली जाणारी ३० मार्कांची छोटी परीक्षाही बरीचशी तोंडीच आहे. तीन शब्द सांगतो, म्हणून दाखवा, थोड्या वेळाने परत सांगा. आता ज्याला ते तीन शब्द नीट ऐकूच आले नाहीत, त्याने काय करायचं?

माझ्या आजोबांचं (आईचे वडील) हेच झालं. वयाबरोबर कान जातात तेव्हा आधी वरच्या फ्रीक्वेन्सी जातात. स्वर ऐकू येतात, स, त, क, च अशी व्यंजनं विरघळतात. म्हणजे आवाज येतो पण शब्द लागत नाही. भात की सात की हात, सगळं एकच. म्हणूनच "मोठ्याने बोललं तर ओरडता कशाला म्हणतात, हळू बोललं तर ऐकू येत नाही म्हणतात" ही प्रत्येक घरातली तक्रार. तर एका मोठ्या हॉस्पिटलात, बाहेर नंबर पुकारताहेत, वर पंखा घरघरतोय, समोरच्या तरुण डॉक्टरच्या तोंडावर मास्क, अशा थाटात आजोबांची परीक्षा झाली. खुर्चीला ते "तुरी" म्हणाले. पैशाला "बसा" म्हणाले, आणि मी बसलोयच की, असंही वर ऐकवलं. :-) मार्क कमी पडले. ऐकू किती येतं हे कुणी विचारलं नाही. आजीनेच बाहेर आल्यावर म्हटलं, "अरे, यांना ऐकू आलं तरी का?"

नंतर दुसरीकडे कानाची तपासणी झाली, मशीन बसलं, दोन महिन्यांनी परत परीक्षा झाली. मार्क वाढले. पण गोड शेवट करायचा मोह आवरतो, कारण डिमेन्शिया होताच. नुसता जितका दिसला होता तितका नव्हता. मुलीला ओळखायला वेळ लागत होता तो लागतच राहिला. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण जे एका गाठोड्यात बांधतो, त्यात किती कानाचं आणि किती मेंदूचं हे वेगळं काढायला हवं, एवढं त्यातून मला कळलं. पुढचं वाचन तिथून सुरू झालं.

दोघांचा संबंध आहे का, हा प्रश्न संशोधकांनी गंभीरपणे घ्यायला बराच उशीर केला. १९८९ मध्ये अमेरिकेत डिमेन्शिया असलेले १०० आणि नसलेले १०० अशा लोकांचे कान तपासले गेले आणि संबंध दिसला. मग २०११ मध्ये फ्रँक लिन या कानाच्या डॉक्टरने बाल्टिमोरच्या ६३९ लोकांचा साधारण बारा वर्षांचा हिशोब मांडला. सुरुवातीला यातल्या कुणालाच डिमेन्शिया नव्हता. थोडं कमी ऐकू येणाऱ्यांना पुढे डिमेन्शिया होण्याचा धोका सुमारे दुप्पट, मध्यम कमी ऐकू येणाऱ्यांना तिप्पट, खूपच कमी ऐकू येणाऱ्यांना जवळजवळ पाचपट. २०१७ पासून 'लॅन्सेट'च्या डिमेन्शिया आयोगाने कान हे टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत वर ठेवलं. २०२४ च्या यादीत अशी १४ कारणं आहेत आणि सगळ्यांचा मिळून वाटा ४५ टक्के, त्यात कानाचा ७. अर्थात हे 'जर हे खरोखरच कारण असेल आणि ते पूर्ण काढून टाकता आलं तर' असं गणित आहे. व्हॉट्सॅपवर फिरताना तो 'जर' गळून पडतो.

कारण असेल तर कसं, यावर तीन-चार अंदाज आहेत. एक, अर्धवट ऐकलेलं जुळवण्यातच मेंदूची सगळी ताकद खर्च होते, लक्षात ठेवायला उरत नाही (आपल्या भाषेत सीपीयू शंभर टक्के). दोन, आवाजच पोचत नसल्याने मेंदूचे काही भाग वापरात राहत नाहीत. तीन, माणूस चारचौघांत बसणं सोडतो, एकटा पडतो. आणि चौथा, सगळ्यात नावडता: कान आणि मेंदू दोन्ही एकाच तिसऱ्या कारणाने बिघडत असतील, आणि मशीन लावून काहीच फरक पडणार नसेल.

मशीनने फरक पडतो का? इथे आपल्या धंद्यातल्या माणसाने खुर्चीला घट्ट धरावं अशी एक गोष्ट घडली. एप्रिल २०२३ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये ब्रिटनमधल्या चार लाखांहून जास्त लोकांच्या डेटावरचा निबंध आला. निष्कर्ष: कमी ऐकू येणाऱ्यांपैकी जे मशीन वापरत नाहीत त्यांना डिमेन्शियाचा धोका ४२ टक्के जास्त, जे वापरतात त्यांना जास्त नाही. जगभर बातम्या झाल्या. दुसऱ्या संशोधकांनी तोच डेटा घेऊन बघितलं तर आकडे जुळेनात. डिसेंबर २०२३ मध्ये निबंध मागे घेतला गेला. का? कोडमध्ये चूक होती. मशीन वापरणारे आणि न वापरणारे, या दोन गटांची लेबलं उलटी लागली होती. बस, एवढंच! आपण सगळ्यांनी कधी ना कधी ० आणि १ उलटे केलेत, क्यूएने पकडलंय, त्यावर हसून चहा प्यायलोय. इथे त्या ० आणि १ च्या आधारावर कुणाच्या तरी मुलाने कर्ज काढून आईला मशीन घेतलं असेल. ज्यांनी चिकाटीने आकडे परत मांडून चूक दाखवली त्यांना मी कोड रिव्ह्यूचे सगळे पुरस्कार द्यायला तयार आहे.

त्याच वर्षी जुलैमध्ये खरीखुरी चाचणी आली, 'अचीव्ह' नावाची. अमेरिकेतले ९७७ लोक, वय ७० ते ८४. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट. एकाला मशीन, दुसऱ्याला तब्येतीच्या सल्ल्याचे वर्ग. तीन वर्षांनंतर एकूण गटात फरक नाही. मात्र त्यातलेच जे आधीपासून जास्त धोक्यात होते, म्हणजे वयाने मोठे आणि हृदयविकाराकडे झुकलेले, त्यांच्यात बुद्धीची घसरण मशीनवाल्यांमध्ये ४८ टक्के कमी होती. यातला कुठला आकडा हेडलाइनमध्ये गेला ते सांगायला नको.

आता हे सगळं डिमेन्शिया टाळण्याबद्दल झालं. ज्याला तो झालाच आहे त्याचं काय? भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे. त्यांच्या कानांवरचे अभ्यास थोडे आणि छोटे. १९९९ मध्ये पिट्सबर्गच्या कॅथरीन पामर आणि सहकाऱ्यांनी अल्झायमर्सच्या आठ, फक्त आठ, रुग्णांना मशीन दिलं. तेच तेच विचारणं, चिडणं अशा घरच्यांना छळणाऱ्या सवयींपैकी काही प्रत्येकात कमी झाल्या. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत असा ठळक फायदा दिसला नाही. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही, कारण मशीन देणं आणि मशीन कानात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथे तो लपवण्याचा इतिहास आडवा येतो. दीडशे-दोनशे वर्षं सगळी हुशारी मशीन बारीक करण्यात गेली आणि त्याचं बिल शेवटी विसरणाऱ्या माणसाच्या नावावर फाटलं. कानातलं ते शेंगदाण्याएवढं यंत्र काय काय मागतं बघा. आपल्याकडे मशीन आहे हे आठवायला हवं. डावं-उजवं कळायला हवं. आठवड्याला सेल बदलायला हवा, तोही थरथरत्या बोटांनी, किंवा रोज रात्री चार्जरवर ठेवायला हवं. शिट्टी वाजली तर ती कुठून येतेय हे कळायला हवं. आजोबांचं पहिलं मशीन, दोन कानांचं मिळून एका बऱ्या लॅपटॉपच्या किमतीचं, सुपारीच्या डब्यात सापडलं. दुसऱ्यांदा पेपरच्या रद्दीत गेलं ते गेलंच. शेवटी ऑडिओलॉजिस्ट बाईंनी सांगितलं, "काका, खिशातलं घ्या." पॉकेट मॉडेल. डबी बंडीच्या खिशात, वायर कानापर्यंत, पेन्सिल सेल, अंगठ्याने फिरवायचं बटण. मामाला ते बिलकुल पटलं नाही, "पन्नास वर्षांपूर्वीचं दिसतं" म्हणाला. दिसतंच. पण डबी आजोबांना दिसते. हरवत नाही, पडत नाही, आणि समोरच्यालाही कळतं की यांच्याशी जरा समोर येऊन, तोंड दाखवून बोलायला हवं. आवाजाच्या दर्जात ते डिजिटलच्या पासंगालाही पुरत नाही, हे मान्य. पण खिशातलं वाईट मशीन हे रद्दीतल्या चांगल्या मशीनपेक्षा जास्त ऐकवतं. अर्थात ज्यांच्या हाताला कानामागच्या मशीनची सवय आधीपासून आहे त्यांनी ते सोडू नये.

ही सवयीची गोष्ट महत्त्वाची आहे. डिमेन्शियात नवं शिकणं सगळ्यात आधी जातं, हातात मुरलेल्या सवयी उशिरा जातात. साठ-पासष्टीला मशीन घेतलेला माणूस ऐंशीला आपोआप सकाळी दातांबरोबर कान लावतो. ऐंशीला पहिल्यांदा मशीन लावलेल्या माणसाला रोज ते कानात अडकलेलं काहीतरी वाटतं. ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेत चिठ्ठीशिवाय दुकानात मशीन मिळतं, २०२४ मध्ये इअरफोनलाच सॉफ्टवेअरने श्रवणयंत्र करायलाही तिथे मान्यता मिळाली. गाणी ऐकायला वापरतात तीच वस्तू, म्हणजे लाजेचा प्रश्न मिटला. पण ती लावायला फोन हवा, अ‍ॅप हवं, आणि अ‍ॅपमध्ये स्वतःची तपासणी स्वतःच करायला हवी. तुमच्या-माझ्या वडिलांना आज जमेल. म्हणून आजच बघावं.

तुमच्या घरी कुणी असेल तर मी केलं ते सांगतो. स्मरणशक्तीच्या तपासणीला नेताना मशीन घालूनच न्यायचं, सेल त्याच सकाळी बदलायचा, आणि डॉक्टरला पहिलं वाक्य "यांना कमी ऐकू येतं" हेच सांगायचं. शांत खोली मागायची. मशीनला दोरी बांधून ती शर्टाला पिन करायची. मशीन ठेवायची जागा एकच, आणि तिथे लावण्या-काढण्याचं काम घरातल्या एकाच माणसाकडे. आणि हो, मशीनचं दुकान गाठण्याआधी कानातला मळ काढून घ्या, डॉक्टरकडून. म्हाताऱ्या माणसांत तो फार साचतो. आमच्या शेजारच्या काकूंचा निम्मा बहिरेपणा पाच मिनिटांत बेसिनमध्ये वाहून गेला.